बिनतारी आहे, पण ब्लूटूथ आहे का?

एका वाचक भगिनींनी विचारले आहे : मामूंनी आखातातून मुलासाठी एक्सबॉक्सचा वापरलेला वायरलेस कंट्रोलर आणला. लॅपटॉपला ब्लूटूथ आहे, तरी यादीत कंट्रोलरचे नावच येत नाही. दुकानदार म्हणतो, बाद झालाय, नवा घ्या. घ्यावा का?

एवढ्यात घेऊ नका. बिनतारी असलेली प्रत्येक वस्तू ब्लूटूथवर चालते असे नाही. २०१३ साली एक्सबॉक्स वनबरोबर आलेला कंट्रोलर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या बिनतारी पद्धतीवर चालतो, म्हणून लॅपटॉपला तो दिसणारच नाही. ब्लूटूथ आले २०१६ मध्ये, एक्सबॉक्स वन एसच्या कंट्रोलरपासून. ओळखायची खूण सोपी आहे. एक्सबॉक्सचे चिन्ह असलेल्या बटणाभोवतीचे प्लॅस्टिक पाहा. ते वरच्या खांद्याच्या बटणांशी सलग असेल, तर ब्लूटूथ नाही. समोरच्या भागाशी सलग असेल, तर आहे.

ब्लूटूथ असेल तर चिन्हाचे बटण दाबून कंट्रोलर सुरू करा. मग वरच्या कडेचे छोटे बटण तीन सेकंद दाबून ठेवा. दिवा भरभर लुकलुकू लागला की लॅपटॉपच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये नवे उपकरण जोडा. सोनीच्या पीएस फोरच्या कंट्रोलरला पीएस आणि शेअर ही बटणे एकत्र दाबून धरावी लागतात.

ब्लूटूथ नसेल तर मायक्रोसॉफ्टचा वायरलेस अडॅप्टर मिळतो, पण आधी घरातली मायक्रो यूएसबी केबल लावून पाहा. विंडोज १० किंवा ११ कंट्रोलर आपोआप ओळखते. इथे पुष्कळ जण फसतात, कारण स्वस्तातल्या बऱ्याच केबल फक्त चार्जिंगच्या असतात. त्याच केबलने, तिचे टोक बसेल असा एखादा फोन लॅपटॉपला जोडा. फोनमधले फोटो दिसले तर केबल कामाची. बिनतारी एक्सबॉक्स ३६० ला मात्र हा उपाय लागू नाही. त्याची चार्जिंग केबल माहिती नेतच नाही, त्याला वेगळा रिसीव्हरच लागतो. जुना माल स्वस्तात घेताना हे आठवणीत असू द्या.

जोडणी मधेच तुटत असेल तर आधी सेल बदला. आणि ब्लूटूथवर कंट्रोलरच्या खाचेत लावलेला हेडफोन वाजत नाही. तो बिघाड नव्हे, हेडफोन लॅपटॉपलाच लावावा.

जोडूनही गेम दाद देत नसेल, तर विंडोजच्या शोधपट्टीत ‘सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स’ असे इंग्रजीत लिहा. उघडणाऱ्या चौकटीत कंट्रोलर निवडून प्रॉपर्टीजमध्ये जा आणि एकेक बटण दाबा. चित्रातले दिवे लागले तर कंट्रोलर ठणठणीत आहे. मग गेमचे सेटिंग पाहा. सोनीचा कंट्रोलर असेल तर तो गेम स्टीममधून सुरू करून पाहा, कारण पुष्कळ गेमना एक्सबॉक्सचीच बटणे कळतात आणि स्टीम मधल्यामध्ये दुभाष्याचे काम करते.