त्वचा म्हणजे प्रिंटरचा कागद नव्हे

नवरात्र जवळ आली की एक व्हिडिओ मोबाईलवर हमखास फिरू लागतो. ट्रान्स्फर पेपरवर प्रिंटरनं मोराचं चित्र उलटं छापा, वर चिकट फिल्म लावा, दंडावर ठेवून ओल्या कापसानं दाबा. झाला टॅटू! ट्रान्स्फर पेपर नसेल तर बटर पेपरवर जेल पेननं चित्र काढा आणि त्वचेवर परफ्यूम मारून दाबा. खाली लिहिलेलं असतं, ‘घरच्या घरी, पूर्णपणे सुरक्षित’. यातलं ‘घरच्या घरी’ तेवढं खरं आहे.

प्रिंटरची शाई कागदासाठी बनवतात. तिच्यात रंगाबरोबर ग्लायकॉलसारखे द्रव असतात आणि शाई नासू नये म्हणून घातलेली रसायनं असतात. यातल्या आयसोथायाझोलिनोन गटातली काही रसायनं त्वचेची ॲलर्जी आणण्याबद्दल आम्हा डॉक्टरांत चांगलीच बदनाम आहेत. लिपस्टिक, काजळ यांत कोणते रंग चालतील याची यादी भारतीय मानक ब्युरोनं केलेली आहे. प्रिंटरच्या शाईला ती यादी लागूच होत नाही, कारण ही शाई कुणी पोरांच्या गालाला लावेल असं उत्पादकाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

यावर पालकांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘पण पेनावर नॉन-टॉक्सिक लिहिलंय!’ अहो, त्याचा अर्थ एवढाच की चित्र काढताना शाई बोटाला लागली किंवा थोडी तोंडात गेली तर विषबाधा होणार नाही. ॲलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. शेंगदाणाही नॉन-टॉक्सिकच असतो.

दुसरं उत्तर, ‘मुलं हातावर पेनानं रेघोट्या मारतातच की.’ मारतात, आणि संध्याकाळी आंघोळीत त्या निघून जातात. इथे मात्र शाई चिकट फिल्मखाली कोंडून दोन-चार दिवस ठेवायची, वर गरब्याचा घाम. एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे का हे पाहायला त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात, तेव्हा नेमकं हेच करतात: पदार्थ पाठीवर पट्टीखाली ४८ तास झाकून ठेवतात. फरक इतकाच की त्यांना त्या पदार्थाचं नाव आणि प्रमाण माहीत असतं. परफ्यूमच्या पद्धतीत तर अल्कोहोल आणि सुगंधी द्रव्यं फुकटात मिळतात. नुकतंच वॅक्सिंग केलेल्या त्वचेवर ती काय चरचरतील, सांगायला नको.

आणि ‘मागच्या वर्षी काही नाही झालं’? ही ॲलर्जी अशीच वागते. पहिल्या वेळी शरीर गुपचूप ओळख करून घेतं. पुन्हा गाठ पडली की एक-दोन दिवसांनी खाज, पुरळ, पाण्याचे फोड येतात.

बहुतेकांना काही होत नाही, हे मान्य. पण चित्र गडद दिसावं, जास्त टिकावं म्हणून स्टेन्सिलमधून हेअर डाय लावायला सांगणारे महाभाग आहेत, त्यांच्यावर माझा खरा राग आहे. जत्रेत, समुद्रकिनाऱ्यावर मिळणारी ‘काळी मेंदी’ बऱ्याचदा याच जातीची. डायमध्ये पॅरा-फिनिलीन डायअमाइन, म्हणजे पीपीडी असतं. युरोपात केसांच्या डायमध्ये लावताना ते २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि त्वचेवर लावायला तर परवानगीच नाही. काळ्या टॅटूंत याच्या कितीतरी पट सापडलेलं आहे. त्यानं चित्राच्याच आकाराचे फोड उठतात, मागे पांढुरका किंवा काळसर डाग महिनोन्‌महिने राहतो. टॅटू दोन आठवड्यांचा, ॲलर्जी सहसा जन्माची. बारा वर्षांच्या मुलीनं हौसेनं लावलेला टॅटू तिच्या पस्तिशीत, पहिला पांढरा केस रंगवताना, डोळे सुजवून परत भेटू शकतो.

अस्सल मेंदी आधी केशरी, मग तपकिरी होते आणि तिला रंगायला तास लागतात. अर्ध्या तासात काळीकुळकुळीत झाली तर ती मेंदी नव्हे. (तान्ह्या बाळांना मात्र अस्सल मेंदीही नको. जी-६-पीडीची कमतरता असेल तर त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात.)

हौस भागवायचीच तर घटक आणि उत्पादकाचं नाव छापलेला तयार ट्रान्स्फर टॅटू घ्या. डोळ्यांजवळ, जखमेवर, एक्झिमा असलेल्या त्वचेवर नको. रात्री खोबरेल तेल लावून हळूच काढा. नेलपॉलिश रिमूव्हर आणि घासणी स्वयंपाकघराच्या आणि ड्रेसिंग टेबलाच्या कामाची, त्वचेच्या नव्हे.

खाज सुटली तर साबणपाण्यानं धुवा. लिंबू, हळद, टूथपेस्ट आणि मेडिकलवाल्यानं दिलेलं तीन औषधांचं मिश्र मलम लावू नका. फोड आले, चेहरा सुजला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. श्वास लागला तर थेट इस्पितळ. काळ्या टॅटूनं फोड आले असतील तर ही नोंद फाइलवर करून घ्या आणि पुढे पार्लरमध्ये, तसंच दातांच्या डॉक्टरांनाही सांगा, कारण पीपीडीची ॲलर्जी असलेल्या काहींना हिरड्या बधिर करायच्या बेन्झोकेनच्या जेलचीही ॲलर्जी असते.