रानात पायी जाणाऱ्यांची नोंद

काही भागांतली माणसं कामाला पायी किंवा सायकलवर जास्त का जातात, हा प्रश्न निघाला की आरोग्याची जाण, पर्यावरणाची आवड अशी कारणं सांगितली जातात. बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडला सकाळी वेशीपाशी उभं राहा, कारण समोर दिसेल. काम जवळ आहे. गाव दाटीनं वसलेलं आणि चौफेर शिवार. भाकरी फडक्यात बांधून बाया खुरपणीला, वेचणीला निघतात त्या पायीच. रान लांब असलं की मालक टमटम पाठवतो. ते भाडं मजुरी ठरवतानाच धरलेलं असतं.

मग सायकल का नाही? काळ्या मातीमुळं. मृगाचे दोन पाऊस पडले की पांदणीतला चिखल चाक आणि मडगार्डच्या मधे असा गच्च बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणायचे. तिथं चाकाखाली पक्का रस्ता होता आणि कारखाना सायकलीच्या टप्प्यात होता.

मला सलते ती गोष्ट मात्र दुसरी आहे. २०११ च्या जनगणनेत, कामावर कसे जाता, असं विचारलं होतं. देशातल्या सुमारे २० कोटी लोकांची नोंद झाली. त्यात साधारण साडेचार कोटी पायी जाणारे आणि अडीच कोटींहून जास्त सायकलवाले निघाले. पण हा प्रश्न शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातल्या माणसांसाठी नव्हताच. बीडसारख्या जिल्ह्यात मग उरलं कोण? रोज पहाटे वाट तुडवणारी बाई त्या आकड्यात कुठंच नाही. जी मोजली नाही, तिच्यासाठी रस्त्यात जागा तरी कोण ठेवणार?

तेलगाव–परळी रस्त्यावर हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत सोळंके साखर कारखान्याकडं जातात आणि या बाया डांबराच्या कडेनं एकामागं एक चालतात. अंधार पडल्यावर तर जीव मुठीत धरून.

आता २०२७ ची जनगणना येते आहे. रान किती लांब आणि तिथं जाता कशा, हे शेतमजूर बाईलाही विचारलं पाहिजे. आणि बायांना चालायला रस्त्याकडेच्या साइडपट्टीसाठी त्या आकड्यांची वाट बघायचं कारण नाही. मुरूम टाकून ती रोलरनं दाबून घेणं गळिताच्या आधी उरकता येतं.