शस्त्रक्रिया नाही, मग भूल कशासाठी?

सात-आठ महिन्यांचे गुटगुटीत बाळ एकाएकी किंचाळून रडते, पाय पोटाशी घेते, थोड्या वेळाने शांत होते आणि पुन्हा तेच सुरू होते. घरात हिंगाचा लेप लावला जातो, घुटी उगाळली जाते. पुष्कळदा दुखणे साधेच असते. परंतु अशा कळांबरोबर उलट्या होत असतील, मूल मलूल पडत असेल किंवा शौचावाटे रक्तमिश्रित शेंब पडत असेल, तर आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरून मार्ग बंद झाल्याची शंका घ्यावी. रक्त दिसण्याची वाट मात्र पाहू नये. ते पुष्कळदा उशिरा दिसते. हा विकार प्रामुख्याने तीन महिने ते तीन वर्षे या वयात आढळतो.

निदान सोनोग्राफीने होते. अडकलेले आतडे बहुधा पोट न उघडता सोडवता येते. गुदद्वारातून नळी घालून हवा किंवा सलाईन नियंत्रित दाबाने आत सोडतात आणि शिरलेला भाग मागे ढकलतात. कोपनहेगनचे डॉ. हिर्शस्प्रुंग यांनी 1876 मध्ये पाण्याच्या दाबाने केलेल्या अशा उपचाराची नोंद प्रसिद्ध केली होती. आज हवेचा दाब सामान्यतः पाऱ्याच्या 120 मिलिमीटरच्या मर्यादेत ठेवतात.

येथेच पालकांना प्रश्न पडतो: चाकू लागणार नाही, तर भूल कशाला? याविषयी वैद्यकात दोन मते आहेत. भुलीच्या बाजूचे डॉक्टर म्हणतात की मूल निश्चल राहते, पोटाचे स्नायू सैल पडतात, वेदना टळतात आणि आतडे सुटणे सोपे होते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की मूल रडताना पोटात निर्माण होणारा दाब आतड्याला बाहेरून आधार देतो, त्यामुळे ते फाटण्याचा धोका घटतो. शिवाय आतडे तुंबलेल्या मुलाचे पोट रिकामे नसते. भुलीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून अनेक रुग्णालयांत हा उपचार भुलीविनाच होतो. भूल द्यावयाची झाल्यास लहान मुलांचा अनुभव असलेला भूलतज्ज्ञच हवा.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. भूल देणार की केवळ गुंगीचे औषध? भूलतज्ज्ञ कोण? आतडे न सुटल्यास किंवा फाटल्यास बालशल्यविशारद लगेच उपलब्ध आहेत का? आपल्याकडूनही मुलाने शेवटचे दूध केव्हा घेतले, कोणती औषधे दिली, पूर्वीचे आजार कोणते, हे स्पष्ट सांगावे. शंका आल्यापासून डॉक्टरांनी सांगेपर्यंत तोंडाने काहीही देऊ नये. आतडे फाटलेले असेल किंवा पोटात जंतुसंसर्ग पसरला असेल, तर मात्र शस्त्रक्रियाच करावी लागते.

यशस्वी उपचारानंतरही साधारण दहांपैकी एका मुलात हा त्रास पुन्हा उद्भवतो. म्हणून घरी परतल्यावर लक्ष ठेवावे.

या आजारात सर्वांत महाग पडतो तो विलंब. अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की तो निकामी होऊ लागतो. ‘दुकान वाढवून रात्री दाखवू’ हा विचार येथे परवडणारा नाही. गिऱ्हाईक उद्याही येईल, गेलेले तास परत येत नाहीत.