पुसलेली पाटी

सांगलीस वालचंद महाविद्यालयांत शिकणारा आमचा पुतण्या परवांच्या दिवाळीस साताऱ्यास आला, तो तोंड उतरवूनच. एका पतसंस्थेसाठीं त्यानें संगणकाचा एक लहानसा प्रोग्राम लिहून दिला होता. सभासदानें परवलीचा शब्द द्यावा, तो पडताळून होतांच यंत्राच्या स्मृतींतून पुसावा, अशी योजना. त्याच संस्थेंत आमच्या विधवा भगिनीची सारी ठेव! मागाहून चाचणी घेतांना पाहतो तों चाचणीचा शब्द स्मृतींत जसाच्या तसा. "काका, पुसण्याची ओळ मीं लिहिली होती हो," असें तो शपथेवर सांगे.

तो खोटें बोलत नव्हता. सी भाषेंत लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेंत उतरविण्याचें काम कंपायलर नांवाचा कारकून करितो, आणि तो मोठा काटकसरी. जागेंत शून्यें भरा अशी आज्ञा तो वाचतो. परंतु ती जागा प्रोग्राम पुन्हां वाचणारच नाहीं, हेंही त्यास दिसतें. मग निष्फळ श्रम कशास, म्हणून ती आज्ञाच तो गाळून टाकतो. बाहेर दिसणारें फळ बदलत नसेल तर भाषेच्या नियमांची त्यास पूर्ण मुभा आहे. बिऱ्हाड हललें, आतां कोण पाहतो, म्हणून सारवण टाळणाऱ्या गड्याचीच ही जात!

आणि पाहणारे असतात. सन २०१४ च्या एप्रिलांत 'हार्टब्लीड' हा दोष उघडकीस आला. त्यायोगें परक्या माणसास दूरच्या यंत्राची स्मृति एका खेपेस ६४ किलोबाइटपर्यंत वाचतां येई. सन २००८ मध्यें प्रिन्स्टनच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, वीज तोडल्यावरही रॅममधील मजकूर कांहीं काळ टिकतो, आणि ती गार केली तर अधिकच. ज्या जिल्ह्यांत सन १९४३ पासून प्रतिसरकारचा कारभार चालला, तेथल्या वडीलधाऱ्यांस वाचलेली चिठ्ठी घरांत राहूं देण्यांतला धोका निराळा सांगावयास नको.

उपाय आहे. ओपनबीएसडीनें सन २०१४ मध्यें, व लिनक्सवरील ग्लिबसीनें सन २०१७ मध्यें, 'एक्स्प्लिसिट बीझीरो' ही आज्ञा दिली. कंपायलरनें ती गाळूं नये, यासाठींच ती आहे. सन २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या सी भाषेच्या प्रमाणग्रंथांतही 'मेमसेट एक्स्प्लिसिट' आली आहे. पुतण्यानें ओळ बदलली. एक जागा स्वच्छ झाली. पण शब्द दुसरीकडेही होताच! जागा वाढवितांना मजकूर नव्या ठिकाणीं नेला गेला आणि जुनी प्रत मागें राहिली. ती शोधण्यांत पोराची भाऊबीज गेली. मूळ जागाच प्रथमपासून पुरेशी मोठी घेतली, तेव्हां कोठें शोध रिकामा आला.

आमच्या भगिनीनें तोंवर आपला परवलीचा शब्द बदलून घेतला, आणि नवा कोणता, तें पुतण्यासही सांगितलें नाहीं.