मनाचें दुखणें व सरकारचा पैसा

ताप आला कीं आपण दवाखाना गांठतों. मन आजारी पडलें कीं घराचें दार लावून घेतों. हा दोष आपलाच. परंतु जो दार उघडील त्यानें जावें कोठें? सिरोंच्याच्या मजुरास नागपूरचें सरकारी मनोरुग्णालय तीनशेंहून अधिक किलोमीटर दूर. आणि हीं औषधें बहुधा कित्येक महिने अखंड घ्यावीं लागतात, मध्येंच सुटलीं तर दुखणें उलटण्याचें भय. याकरितांच १९९६ सालीं जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला, आणि २०१७ च्या कायद्यानें सरकारी सेवेंत उपचार मिळणें हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. कायदा उत्तमच, पण डॉक्टरचें वेतन व गोळ्यांची किंमत अंदाजपत्रकांतूनच यावयाची. नवी इमारत उद्घाटनास शोभते खरी! आमच्या मतें पैसा आधीं तालुक्याच्या दवाखान्यांत पोंचावा, आणि पालकांनीं आपल्या आमदारांस त्याचा हिशेब विचारावा.