भरतीचे चित्र



सैन्यातील सेवा संपली की आपल्याकडील तरुण मंडळी पाठीवर पिशवी टाकून भारताची वाट धरतात, हे आता नवीन राहिलेले नाही. माझी नातही गेल्या हिवाळ्यात गेली. गोव्याच्या किनाऱ्यावर सुट्टी घालवून ती परतणार होती. परंतु त्यापूर्वी चार दिवस अलिबागेत काढीन, असे वचन मी तिच्याकडून घेतले होते. तिला चित्रे रेखाटण्याचा नाद आहे. म्हणून तिच्या सामानात मी एक कोरी वही घातली, आणि तिच्या नकळत हाईम सॅम्युएल केहिमकरांच्या बेने इस्राएलांच्या इतिहासातील काही पानांच्या प्रतीही. हा इंग्रजी ग्रंथ १८९७ साली लिहिला गेला आणि छापला गेला १९३७ साली, तेल अवीव येथे.

वहीतील गोव्याची पाने मी भराभर उलटली. माड, होड्या, आणि जिकडे तिकडे आपलीच मुले!

अलिबागेच्या पानावर मात्र थांबलो. सकाळी किनाऱ्यावर बसून तिने कुलाबा किल्ला रेखाटला होता, चोहोंकडून पाण्याने वेढलेला. चित्र अर्धे टाकून ती खाणावळीत जेवावयास गेली. दुपारी परतून पाहते तो समुद्र नाहीसा! ओल्या वाळूवरून माणसे किल्ल्याकडे चालली आहेत, घोडागाड्या चालल्या आहेत. क्षणभर तिला वाटले, आपण जागा चुकलो.

अश्दोदच्या समुद्राकाठी वाढलेली ही मुलगी. पण आपल्या या समुद्राचे चढणे-उतरणे एकदोन वितींचे. ते कोणाच्या ध्यानात येणार? तिकडे उधाणाला पाणी दोन पुरुष चढते आणि तितकेच ओसरते. भरती-ओहोटीला हिब्रूत शब्द आहे, शाळेत तिने तो पाठही केला होता. वस्तू मात्र पाहिली नव्हती. (दर रोश होदेशच्या सुमारास उधाण असते. आमच्या लहानपणी आम्हांला चंद्राची ही खबर समुद्रच देत असे.)

"सबा, तुम्ही मला हे कधी सांगितलेच नाही," ती म्हणाली. खरेच सांगितले नव्हते. चिक-चा-हलवा, मलिदा, सिनेगॉगमधील गाणी, सारे सांगितले. समुद्र सांगावयाचा राहिला. तो सांगण्याजोगा आहे असे कधी वाटलेच नाही.

मग त्या रात्री सांगितले. १९५७ साल असावे. एका शुक्रवारी दुपारी मी आणि माझा थोरला भाऊ ओहोटीला किल्ल्यात गेलो. आतल्या गोड्या पाण्याच्या पुष्करणीपाशी खेळताना वेळेचे भान राहिले नाही, आणि बाहेर आलो तो दाराशी पाणी. सूर्य मावळला. गावातील दिवे दिसत होते. त्यांतला आमच्या घरचा शब्बाथचा दिवा कोणता, यावर आम्ही दोघे भांडलो. रात्री दहाच्या सुमारास गुडघाभर पाण्यातून परतलो, तेव्हा आई किनाऱ्यावर उभी होती. तिने ओल्या डोक्यावरून हात फिरवला, आणि पुढे दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

नात ऐकत होती; ऐकता ऐकता त्या चित्रात तटावर तिने दोन लहान आकृती काढल्या.

पुढची पाने नवगावची. आपले पूर्वज, सात पुरुष आणि सात स्त्रिया, जेथे किनाऱ्याला लागले असे परंपरा सांगते, तेथे बसून तिने केहिमकरांची पाने वाचली. वाचताना ओहोटी लागली आणि सकाळी न दिसलेले काळे खडक एकेक वर आले. गलबत का फुटले, हे मला मजकुरापेक्षा त्या खडकांनी अधिक सांगितले, असे तिने त्या पानाच्या कडेला हिब्रूत लिहिले आहे. तिचा तर्क इतिहासकार मान्य करतील की नाही, ते त्यांचे त्यांनी पाहावे. मला मात्र इतकी वर्षे ती कथा पाठ असूनही ते खडक आठवले नव्हते.

आता दर मंगळवारी ती माझ्याकडे मराठी अक्षरे गिरवते. किल्ल्याच्या चित्राखाली तिने मोठ्या उत्साहाने शब्द लिहिला: "मरती". मी हसलो, आणि लगेच हसू ओसरले. पेन्सिल घेऊन 'म'च्या डोक्याशी गाठ मारून 'भ' केला. दुसऱ्या चित्राखालची जागा अजून कोरी आहे. 'ओ' कसा काढावयाचा, ते येत्या मंगळवारी.