पाचशे रुपये कशाचे?

भर मे महिन्यात खंबाटकी घाट चढूनसुद्धा गाडीच्या तापमानाचा काटा तळाशीच. मी हिला अभिमानानं म्हणालो, ‘बघ, किती थंड डोक्याची गाडी आहे!’ तीच गाडी वर चहाला थांबल्यावर पुन्हा सुरू होईना. मागून काळा धूर, पेट्रोलचा वास, आणि लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी दहावर आलेली.

पहिल्या गॅरेजात प्लग बदलले, मग फिल्टर, मग इंजेक्टर साफ केले. चार हजार गेले, दुखणं तसंच.

शेवटी शेजाऱ्यांनी सुचवलेल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी पान्याला हातच लावला नाही, मल्टिमीटर काढला. इंजिनातल्या कूलंटचं तापमान सांगणारा एक बोटभर सेन्सर असतो. त्याचं गणित उलटं. इंजिन थंड असताना त्याचा विद्युतरोध साधारण दोन-अडीच हजार ओहम. तापेल तसा उतरत दोन-तीनशेवर येतो. आमच्या सेन्सरचा आकडा इंजिन तापलं तरी हजारांतच! गाडीतल्या कॉम्प्युटरला वाटे, इंजिन गारठलंय. तो बापडा पेट्रोल ओततच राहिला. माझ्या अंगावर काटा आला तो दुसऱ्याच विचारानं. घाटात इंजिन खरोखर उकळलं असतं, तरी तो काटा गप्पच बसला असता. मागच्या सीटवर नात झोपली होती.

मग तासभर मिस्त्री नुसते थांबले. गरम इंजिनातलं पाणी दाबाखाली असतं, झाकण उघडलं तर अंगावर उसळतं. थंड झाल्यावर जुना सेन्सर काढून नव्या वॉशरसह नवा बसवला, सांडलेलं कूलंट भरलं, आत अडकलेली हवा काढली.

बिल : सेन्सर सहाशे, मजुरी पाचशे. आणि चार हजार मुकाट्यानं मोजून आलेला मी म्हणालो, ‘एवढ्याशा कामाचे पाचशे?’

आपलं हे असंच. खोक्यातून निघालेल्या वस्तूचे पैसे आपण देतो; ती बदलायची गरज आहे का, हे ओळखणाऱ्या डोक्याचे द्यायला हात आखडतो. मग न मोजता भाग बदलत सुटणं हाच गॅरेजांचा धंदा झाला, तर दोष कोणाचा? तपासणीची फी बिलात वेगळी लावावी आणि आपण ती न कुरकुरता द्यावी, असं मला आता ठाम वाटतं.

मिस्त्री रागावले नाहीत. ‘राहू द्या मजुरी, साहेब,’ म्हणत त्यांनी जुना सेन्सर कागदात गुंडाळून माझ्या हातावर ठेवला. पाचशे मी दिले. नंतर गाडीत हिनं जे ऐकवलं, ते इथे छापण्याजोगं नाही.